मदत हवी आहे: ठाण्यातली जुनी कबर शोधतोय

नमस्कार मंडळी. माझ्या आजीचे आजोबा जीआयपी रेल्वेत फिटर. त्यांचा बाप गोरा, आई साष्टीतली ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक समाजातली. १८९० च्या आसपास वारले. "ठाण्यातच पुरलंय" एवढंच आजी म्हणायची. कुठे, ते विचारायचं राहिलं, आता आजीही नाही.

तलावपाळीच्या कॅथलिक सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चच्या आवारात दोन रविवार घालवले. जुन्या शिळांवरची अक्षरं पावसाने पार खाल्लीत. एकीवरचं शेवाळ नखाने खरवडलं, तर रखवालदार ओरडला. बरोबरच होतं त्याचं. शिवाय आपल्याकडे कबरी पुन्हा वापरतात, त्यामुळे दगड मिळेलच असं नाही. म्हणून भिस्त दफनाच्या रजिस्टरवर.

पण कोणत्या चर्चच्या? त्यांचा बाप प्रोटेस्टंट होता, तेव्हा ठाण्यातल्याच प्रोटेस्टंट सेंट जेम्स चर्चमध्ये विचारावं का? मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती विलायतेला जात. त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ मालिकेत आहेत. मात्र आमच्या घरच्या कागदांत आडनावाचं स्पेलिंगच तीन तऱ्हांचं!

कुणी ठाण्यात अशी रजिस्टरं पाहिली आहेत का? फादरना अर्ज कसा करायचा, सोबत काय कागद न्यायचे? रेल्वे कामगारांना वेगळीकडे पुरत असत का, हेही जुन्या ठाणेकरांनी सांगावं.