मदत हवी आहे : कमी वजनाच्या बाळाला बाळसे आणण्याची घाई करावी का?

रानजाई : माझी मुलगी जन्मतः २.१ किलोची होती. ती गुटगुटीत व्हावी म्हणून सासूबाई प्रत्येक घासाला साजूक तूप, साखर आणि डब्यातली पावडर देण्याचा आग्रह धरतात, तर डॉक्टर ‘घाई नको’ एवढेच सांगतात. सासऱ्यांना आणि माझ्या वडिलांना मधुमेह आहे. उद्यापासून काय द्यावे, ते कृपया लवकर सांगा.

पाटीपेन्सिल : आता ती किती महिन्यांची आहे? पूर्ण दिवसांची होती का? लांबी किती?

बाळंतविडा : नाचणीचे सत्त्व द्या. माझी दोन्ही मुले त्यावरच वाढली.

रानजाई : पूर्ण दिवसांची होती. आता चौदा महिने झाले असून वजन ८.१ किलो आहे. लांबी मोजलेली नाही.

चौकस : पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी होती. परंतु त्यांचे स्नायू जितके कमी होते, तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. अशा शरीरठेवणीचा संबंध पुढच्या मधुमेहाशी जोडला जातो. दिल्लीत जन्मापासून तरुणपणापर्यंत पाहिलेल्या मुलांच्या अभ्यासातही, दोन वर्षांपर्यंत सडपातळ राहून नंतर झपाट्याने अंग धरलेल्या मुलांमध्ये तरुणपणी मधुमेह अधिक आढळला.

बाळंतविडा : म्हणजे लेकराला अर्धपोटी ठेवायचे? हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भात असलेल्यांनाही पुढे मधुमेहाचा धोका वाढलाच होता.

चौकस : अर्धपोटी ठेवा, असे मी कोठे म्हटले? पहिल्या दोन वर्षांतली वाढ, विशेषतः लांबीची, हितकारकच असते. साखरेने केवळ वजन वाढते, लांबी नाही.

गोकर्ण : आपण शाकाहारी आहात का? पुण्याच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ (मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळणारे जीवनसत्त्व) कमी होते. पुढच्या गरोदरपणाआधी तपासून घ्या.

रानजाई : पुढच्या गरोदरपणाविषयी मी विचारलेलेच नाही! असो, अंगणवाडीताईंकडून लांबी मोजून घेतली, ७३ सेंटिमीटर भरली.

पाटीपेन्सिल : मग वजन आणि लांबी दोन्ही थोडी कमी असली, तरी एकमेकांना धरून आहेत. साखर आणि पावडर बंद करा, वरणभातावरचे चमचाभर तूप राहू द्या, अंडे चालत असेल तर तेही द्या, आणि दर महिन्याला दोन्ही मापे कार्डावर नोंदवून तेच कार्ड डॉक्टरांपुढे ठेवा.

रानजाई : तूप राहणार म्हटल्यावर सासूबाई निम्म्या राजी झाल्या आहेत. साखरेचे अजून सांगितलेले नाही.