दहावीची पूर्वतयारी परीक्षा: तीन माध्यमं एका केंद्रात, बैठक कशी लावायची?

खडूवाला, खानापूर
नमस्कार मंडळी. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, पूर्वतयारी परीक्षेला आमच्या केंद्रात १३७ मुलं आहेत. मराठी माध्यम ८३, कन्नड ४१, इंग्रजी १३. खोल्या सहा, प्रत्येक २० बाय २५ फूट. पाच फुटी बाकं ९०. एका खोलीत २४ च्या वर बसवायची नाहीत. माध्यमं मिसळली की कॉपी बंद, असं सगळे सांगतात. खरंच का? आणि ओळी किती लावू?

निपाणीकर
आधी टेप घ्या. २० फूट रुंदीत बाकांच्या तीनच ओळी. १५ फूट बाकांत गेले, उरलेल्या पाचात अडीच-अडीच फुटांच्या दोन वाटा. चौथी ओळ घुसवलीत तर पर्यवेक्षकाला फिरताच येणार नाही, मग पुरवण्या हातोहात मागे जातात आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही जातं. फळ्यापुढे पाच फूट सोडा. उरलेल्या २० फुटांत एकेरी (बाकावर एकच मूल) बसवायचं तर ओळीत सहा बाकं, दुहेरी (बाकावर दोघं) बसवायचं तर चारच. म्हणजे एकेरी १८ मुलं, दुहेरी २४.

तुमच्याकडे बिगरमराठी ५४. पहिल्या चार खोल्यांत प्रत्येकी १२ बाकं, बाकाच्या एका टोकाला मराठी, दुसऱ्या टोकाला कन्नड किंवा इंग्रजी. झाले ९६. पाचव्या खोलीत १८ बाकं: सहा जोड्या आणि १२ मराठी एकेरी, म्हणजे २४. सहाव्यात १७ मराठी, एकेरी. बाकं लागली ८३.

पहिल्या बाकावर मराठी डावीकडे असेल तर मागच्या बाकावर उजवीकडे. म्हणजे पहिल्या चार खोल्यांत पुढे, मागे आणि वाटेपलीकडेही दुसऱ्या माध्यमाचाच पेपर येतो.

गणिताच्या बाई
हिशोब बरोबर आहे, पण माध्यम मिसळण्यावर फार विसंबू नका. गणिताचा पेपर कन्नडात असो की मराठीत, प्रश्नक्रमांक तोच, आकडे तेच, आकृती तीच. बहुपर्यायी प्रश्नाचं उत्तर 'ब' असेल तर ते दोन्हीकडे 'ब'च. शेजाऱ्याची भाषा येत नसली तरी अक्षर दिसतं की! विज्ञानातल्या आकृत्यांचंही तेच. तिथे मुलाला अंतर अडवतं, भाषा नाही. म्हणून जोडीतली मुलं बाकाच्या अगदी टोकाला बसवा, मध्ये साडेतीन फूट राहतात. पेपर शाळेतच काढणार असाल तर पर्यायांचा क्रम बदलून दोन संच करा. बाहेरून येणार असेल तर ते आपल्या हातात नाही.

मिसळण्याचा खरा उपयोग प्रथम भाषेच्या पेपरला, आणि नेमकी तिथेच गफलत होते. माध्यम आणि प्रथम भाषा या दोन वेगळ्या गोष्टी. इंग्रजी माध्यमातल्या कुणाची प्रथम भाषा मराठी असेल तर त्याच्या शेजारचा मराठी मुलगा तोच पेपर लिहीत असणार. नॉमिनल रोलमधला, म्हणजे परीक्षार्थींच्या यादीतला, भाषेचा रकाना बघून जोड्या लावा.

खडूवाला, खानापूर
बघितलं. इंग्रजीतल्या चौघांची प्रथम भाषा मराठी निघाली. आता?

निपाणीकर
मग मराठी पेपर ८७, बाकी ५०. चार खोल्यांत ४८ जोड्या, उरल्या दोन जोड्या आणि ३७ एकटे, म्हणजे ३९ बाकं. दोन खोल्यांत मावतात ३६. तिघं उरतात. एका दिवसासाठी बैठक बदलून घोळ घालण्यापेक्षा पहिल्या दिवसापासूनच सातवी खोली धरा, प्रयोगशाळा चालेल. बाकं ८७ लागतात, तुमच्याकडे ९० आहेत.

चिकोडीचा क्लार्क
कागदाचं काम राहिलं. मिश्र खोलीत चुकीच्या माध्यमाचा पेपर हातात पडणं ही हमखास चूक. बाकाच्या उजव्या कोपऱ्यात नंबराची चिठ्ठी चिकटवा आणि त्यावर म, क, इं असं ठळक लिहा. खडूनं लिहू नका, पहिल्या पेपरलाच बाहीनं पुसलं जातं. खोलीवार पाकिटावर माध्यमवार आकडा वेगळा टाका, उदाहरणार्थ 'खोली ५, म १८, क ६'. नुसतं '२४' लिहिलंत तर तूट कुठल्या भाषेत आहे ते घंटा झाल्यावर कळतं.

नंबर नागमोडी लावा, पहिली ओळ पुढून मागे, दुसरी मागून पुढे. गोळा करताना उलटं चालावं लागत नाही आणि गठ्ठा क्रमानं हातात येतो. मात्र जोड्यांमुळे एका बाकावरचे नंबर लागोपाठचे नसतात, म्हणून उत्तरपत्रिका माध्यमवार वेगळ्या गोळा करा.

सकाळचा पेपर असेल तर पूर्वेच्या खिडकीजवळची ओळ उन्हात येते. मुलं नकळत आत सरकतात आणि तुमचे साडेतीन फूट दोनावर येतात. पडदा नसेल तर खिडकीला जुनी वर्तमानपत्रं लावा.

मुख्य परीक्षेला २०२४ पासून वेबकास्टिंग (खोलीतल्या कॅमेऱ्यातून थेट देखरेख) आहे, तेव्हा बाकं लावतानाच कॅमेऱ्यातून एकदा बघून घ्या. दाराच्या उघड्या फळीआड शेवटचं बाक लपतं.