चर्चा: तीन वर्षांच्या पोरीने "करलं" आणलं कुठून?

वेंगुर्लेकरीण
भाची तीन वर्षांची. काल वाळवणावरचे कावळे हाकलून आली नि म्हणाली, "मावशी, मी काम करलं." घरात कोणी "करलं" म्हणत नाही. आजीचं मालवणी "केलंय", आमचं "केलं". कधीच न ऐकलेलं रूप तिने घडवलं कसं? ऐकून आणि शाबासकी मिळवून मूल भाषा शिकतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरचं म्हणणं भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५९ सालीच खोडलं होतं. व्याकरणाचा पाया उपजतच असतो, असं माझं ठाम मत आहे.

बंदरावरचा
ताई, "करलं" ऐकलं नसेल, पण भरलं, धरलं, चिरलं रोजच कानावर पडतं ना? भर-भरलं, धर-धरलं, मग कर-करलं. १९८६ मध्ये रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञांनी संगणकावर उदाहरणांवरून शिकणारं एक जाळं बनवलं. नियम एकही घातला नाही, नुसती इंग्रजी क्रियापदं आणि त्यांची भूतकाळी रूपं दाखवली. तेही मुलांसारखंच चुकू लागलं.

वेंगुर्लेकरीण
त्या जाळ्याला आधी दहा क्रियापदं दिली, मग एकदम चारशेदहा ओतली. चुका तेव्हा सुरू झाल्या. म्हणजे चुका त्या लोंढ्याने आणल्या; पिंकर आणि प्रिन्स या अभ्यासकांनी १९८८ मध्ये यावरच बोट ठेवलं. आणि मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाची बहिरी मुलं? १९७७ नंतर राजधानी मानाग्वाच्या शाळेत ती एकत्र आली, तेव्हा शिकवायला मोठ्यांची खुणांची भाषा नव्हतीच. थोरल्या मुलांच्या मोडक्यातोडक्या खुणांना धाकट्यांनी व्याकरण आणलं.

बंदरावरचा
पण एकत्र आल्यावरच ना? घरात एकेकटी होती तोवर अशी भाषा उभी राहिली नव्हती. सगळं आतच असतं, तर सोबत कशाला लागली?

देवगडचा मास्तर
तत्त्वज्ञ फोडरने १९८३ मध्ये भाषेला मनातला स्वतंत्र, उपजत कप्पा मानलं. मला मानसशास्त्रज्ञ कार्मिलॉफ-स्मिथ जास्त पटते: कप्पे वाढता वाढता पडतात. पहिलीतली पोरं जूनमध्ये वर्गात "माका पाणी व्हया" म्हणतात. दिवाळीपर्यंत माझ्याशी "मला हवंय", आणि पटांगणात पाऊल टाकलं की परत "माका". ही वाटणी जन्माची नव्हे, माझ्या डोळ्यांदेखत पडते.

वेंगुर्लेकरीण
मास्तर, वाटणीचं मान्य. पण भाचीला दोनदा सांगितलं, "केलं म्हण." तरी "करलं"च. सगळं कानांवरच असतं, तर दिवसातून पन्नासदा ऐकलेलं "केलं" हरतं कसं?