१६१३ चं इंजिन दुसऱ्यांदा बांधलंय, ऑईल कुठलं टाकू?

शिरोळचा_सोळातेरा:
मंडळी, गाडी टाटा १६१३ टर्बो, मॉडेल १९९८, इंजिन ६९७. हंगामात ऊस, बाकी वर्षभर वीट नाहीतर खत.

२०१९ च्या ऑगस्टात महापुराच्या पाण्यात गाडी चार दिवस उभी होती, पाणी केबिनच्या पायरीच्या वर. मग इंजिन पूर्ण उघडलं. तेव्हा मी एक शहाणपणा केला. एवढा पैसा घातलाय तर ऑईल पण भारीतलंच हवं, म्हणून सिंथेटिकची बादली आणली. आणि 'इंजिन मोकळं होऊ दे' म्हणून पंधरा दिवस रोज तासभर दारातच चालू ठेवलं. बायको म्हणाली, एवढं तर गणपतीपुढं समईसुद्धा जळत नाही.

हंगामाला लावली आणि गाडी ऑईल प्यायला लागली. हजार किलोमीटरला तीन लिटर. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडायच्या नळीतून वाफ, मागून निळा धूर. गावातली पोरं 'अगरबत्ती आली' म्हणून ओरडायची. तशीच पाच हंगाम ओढली.

आता परत लायनर-पिस्टन, रिंगा, सगळी बेरिंग नवीन, क्रँक घासून पहिल्या अंडरसाईजला. मिस्त्री म्हणतो, चाळीस नंबर सिंगल ग्रेड टाक. दुकानदार नव्या गाड्यांच्या सीके-४ दर्जाच्या ऑईलची बादली पुढं सरकवतो, 'बीएस-६ ला चालतं म्हणजे तुझ्या गाडीला उडवेल'. पुण्यातला भाचा मोबाईलवर वाचून सांगतो, मामा, झिंक जास्त असलेलं घ्या. मला तिघांचंही पटतंय, हीच अडचण आहे. गळीत सुरू व्हायला पंधरा दिवस राहिलेत.

डंपर_बारामती:
चाळीस नंबर. आमच्या आबांनी १२१० वर आयुष्यभर दुसरं काही घातलं नाही. मल्टिग्रेड गरम झालं की पाणी होतं. विषय संपला.

दापोडीचा_जुना_फिटर:
विषय संपला नाही दादा. एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपात माझं आयुष्य इंजिनं बांधण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मल्टिग्रेड गरम झाल्यावर पाणी होतं हे खरं नाही. १०० अंशाला एसएई ४०, म्हणजे तुमचं चाळीस नंबर, आणि मल्टिग्रेड १५डब्ल्यू-४०, दोन्हींचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्येच बसावा लागतो. फरक आहे तो गार असताना. डिसेंबरात पहाटे चारला फडात गाडी चालू करतोस, तेव्हा चाळीस नंबर काकवीसारखं झालेलं असतं. ते वर रॉकरला आणि टर्बोला पोचेपर्यंत नवीन बेरिंग कोरडी फिरतात. आबांच्या १२१० ला टर्बो नव्हता, शिवाय त्या काळी दुकानात मिळायचं तेच घालायचे. आबा चुकले असं मी म्हणत नाही.

सीके-४ चं सांगतो. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरायची जाळी असते, डीपीएफ. ऑईलमधली राख त्यात अडकते आणि जाळी तुंबते. म्हणून त्या ऑईलमध्ये राखेला १ टक्क्याची आणि फॉस्फरसला ०.१२ टक्क्याची मर्यादा घातली आहे. तुझ्या गाडीला जाळी आहे कुठं? टाकलंस म्हणून इंजिन बिघडणार नाही, पण जी वस्तू तुझ्या गाडीत नाही तिच्यासाठी जादा पैसे कशाला मोजायचे?

भाच्याचं निम्मं बरोबर आहे. कॅम आणि सपाट टॅपेट एकमेकांवर घासतात, तिथं झिंक-फॉस्फरसचा थर लागतोच. पण सीके-४ च्या आधीचे दर्जे आहेत, चांगल्या सीएच-४ किंवा सीआय-४ मध्ये तो पुरेसा असतो. वरून कसलीही बाटली ओतू नकोस. 'इंजिन गुळगुळीत करतं' असं जिच्यावर लिहिलंय ती तर अजिबात नको. रिंगा बसायच्या आधी गुळगुळीत झालेलं तुला परवडणार नाही.

आता मागच्या वेळचं. होनिंग केल्यावर, म्हणजे लायनर आतून दगडानं घासल्यावर, त्याला तिरक्या रेघा राहतात. रिंग त्या रेघांवर घासून आपली जागा करून घेते. तिला लायनरवर दाबून धरतो तो पिस्टनच्या वरचा गॅसचा दाब, आणि हा दाब येतो लोडवर. दारात रिकामी चालू ठेवलेल्या गाडीत तो कुठला? रिंग ऑईलवर तरंगत राहते, राहिलेलं ऑईल जळून लायनरला काचेसारखा थर धरतो, रेघा बुजतात. एकदा हे झालं की परत होनिंगशिवाय इलाज नाही. सिंथेटिकनं थोडा हातभार लावला असेल, पण खरा घोळ तुझ्या समईनं केला.

तर साधं मिनरल १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा सीआय-४. पहिल्यांदा चालू करण्याआधी टर्बोच्या ऑईलच्या तोंडात थोडं ऑईल ओत, मग स्टॉपची केबल ओढून धरून थांबत थांबत स्टार्टर मार, प्रेशरचा काटा हलेपर्यंत. चालू झाली की गळती बघायची, दहा-पंधरा मिनिटं, बास. लगेच रस्त्यावर काढ. सुरुवातीला अर्धा लोड, एकाच वेगात लांब पळवायची नाही, वरच्या गिअरमध्ये कण्हत ओढायची नाही. शे-दीडशे किलोमीटर झाले की भरून तवंदी घाट एकदा चढव. ५०० ला ऑईल आणि फिल्टर बदल.

शिरोळचा_सोळातेरा:
काका, वाचून जीव भांड्यात पडला. पण ५०० किलोमीटरला आख्खं ऑईल काढून टाकायचं जिवावर येतंय. फिल्टर बदलून तेच ऑईल परत घातलं तर?

दापोडीचा_जुना_फिटर:
नाही. लायनर-रिंगांचा बारीक चुरा फिल्टरमध्ये सगळा अडकत नाही, उरलेला बेरिंगमध्ये फिरत राहतो. जुनं ऑईल फेकू नकोस, ऊसतोड टोळीच्या बैलगाड्यांना कण्याला वंगण लागतंच की. फार खर्च वाटत असेल तर पहिल्या भरण्याला कमी किमतीचं सीएच-४ घाल. ते तसंही लवकर निघणार आहे.

स्पेअरवाला_नगर:
दोन गोष्टी, धंद्यातला माणूस म्हणून. एक, भरलेल्या बादल्यांमध्ये बनावट माल फार आहे, जुनं ऑईल गाळून परत भरतात. ऑईल कंपनीच्या पंपावरून घ्या, सील बघा, आणि रिकामी बादली भंगारात द्यायच्या आधी झाकणाला भोक पाडा, नाहीतर तुमचीच बादली फिरून तुमच्याकडं येईल. दोन, गेज पट्टी रोज बघा. पातळी खाली गेली तर सगळे घाबरतात, वर चढली तर कुणी बघत नाही. चढली म्हणजे डिझेल नाहीतर पाणी उतरतंय. पट्टीला डिझेलचा वास आला तर नोझल आणि पंप तपासा. ताकासारखं पांढरट दिसलं तर गाडी जागेवर बंद.

डंपर_बारामती:
ते काकवीचं पटलं. आबांना सांगत नाही.

शिरोळचा_सोळातेरा:
कळवायचं राहिलं होतं. सीआय-४ मिनरल घातलं, पंपावरून. स्टार्टर मारताना काटा हलायला इतका वेळ लागला की मिस्त्रीच्या कपाळावर घाम आला. एकदा हलला तो सरळ वर. दुसऱ्या दिवशी अर्ध्या लोडवर विटा, चौथ्या दिवशी भरून निपाणी. टनेज विचारू नका. तवंदीत तिसऱ्यात चढली, धूर काळा आला, निळा नाही.

काल ५२० ला ऑईल काढलं. चेंबरच्या नटाला चुंबक लावून बघितला, करडा लगदा होता, बेरिंग झिजल्याची तांबूस चमक कुठं दिसली नाही. पट्टी अर्धा बोट खाली होती. ब्रीदरमधून अजून थोडी वाफ येते. पोरं सवयीनं अगरबत्ती ओरडतातच.

दापोडीचा_जुना_फिटर:
वाफ कमी होत जाईल, दोन हजारापर्यंत वाट बघ. हेडचे बोल्ट परत टाइट केलेस का? आणि टॅपेट?

शिरोळचा_सोळातेरा:
नाही केलं. उद्या फेरी नाही, मिस्त्रीला सकाळी सातला बोलावतो. तो नऊला येईल.