मॅक्रोची सुरुवात: रेनॉक्स, ट्यूब की रिव्हर्स रिंग?

मुंगीमागे
कॅननची क्रॉप सेन्सरवाली (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) डीएसएलआर आहे, सोबत ५५-२५० एमएम आयएस (हाताचं हलणं सावरणारी) एसटीएम झूम आणि ५० एमएम एफ/१.८ एसटीएम. मुंग्या, छोटे कोळी, फुलांतले पुंकेसर टिपायचे आहेत. खास मॅक्रो लेन्स सध्या आवाक्याबाहेर. रिव्हर्स रिंग (लेन्स उलटी बसवायची) सगळ्यात स्वस्त दिसते, मग एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मधली पोकळ नळी), मग रेनॉक्स डीसीआर-२५० (लेन्सपुढे क्लिपने बसणारं भिंग). +१, +२, +४, +१० असे क्लोजअप फिल्टरही मिळतात. यातलं एकच घ्यायचं तर काय? आणि ट्रायपॉड लागेल का?

चिमटा
५५-२५० हाताशी आहे ना, मग रेनॉक्स घ्या.

डीसीआर-२५० ची ताकद +८ डायऑप्टर, म्हणजे फोकल लेंग्थ १२५ मिमी. लेन्सचा फोकस इन्फिनिटीवर (सगळ्यात लांब) ठेवला की मॅग्निफिकेशन = लेन्सची फोकल लेंग्थ ÷ १२५. झूम १२५ वर ठेवलं तर १:१, म्हणजे सेन्सरवर मुंगी खऱ्या आकाराएवढी; २५० वर २:१, म्हणजे दुप्पट. मुंगीपासूनचं अंतर मात्र झूम कितीही फिरवलं तरी साधारण १२ सेंमीच राहतं. ऑटोफोकस बंद करा, अंतर कॅमेरा पुढेमागे करून जुळवा. क्लिप ५२ ते ६७ मिमीच्या धाग्यावर बसते, तुमच्या लेन्सचा ५८ आहे. ५५ च्या बाजूला कोपरे काळे पडतील. रेनॉक्सची काच लहान आहे, इलाज नाही. १०० च्या पुढेच वापरा.

ते +१० वाले फिल्टर घेऊ नका. एकाच काचेचे असतात, त्यामुळे कडांना जांभळी-हिरवी किनार येते आणि कोपरे मऊ पडतात. दोन-तीन एकावर एक चढवले तर आणखी वाईट.

रिव्हर्स रिंग तुमच्या ५० साठी गैरसोयीची. लेन्स उलटी लावली की बॉडीशी संपर्क तुटतो, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक; एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) १.८ वरच उघडं राहतं. जुगाड आहे: लेन्स सरळ लावून एफ/८ ठेवायचं, बॉडीवरचं डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण (भोक खरोखर लहान करून दाखवणारं) दाबून धरायचं आणि तसंच धरून लेन्स काढायची, पाती तिथेच अडकतात. पण नंतर व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार, आणि अ‍ॅपर्चर बदलायचं तर सगळं पहिल्यापासून.

पुंकेसर
रेनॉक्सला माझंही मत, पण ट्यूब इतक्या टाकाऊ नाहीत. पुंकेसर पळून जात नाहीत. त्यांच्यासाठी ५० एमएमवर ट्यूब झकास. इथे हिशेब ट्यूबची लांबी ÷ फोकल लेंग्थ. १२, २० आणि ३६ च्या संचातल्या १२+३६ लावल्या की ४८ ÷ ५०, म्हणजे जवळपास १:१. हीच ट्यूब २५० वर लावून विशेष काही हाती लागत नाही.

घ्याल तर इलेक्ट्रॉनिक संपर्क असलेल्याच घ्या. तुमच्या दोन्ही लेन्स एसटीएम आहेत, त्यांची फोकस रिंगसुद्धा विजेवर चालते. बिनसंपर्काच्या ट्यूबवर अ‍ॅपर्चरही नाही आणि फोकसही नाही.

एक फरक बरेच जण विसरतात. ट्यूबवर १:१ ला प्रत्यक्षातलं अ‍ॅपर्चर दुप्पट आकड्याचं होतं: एफ/८ ठेवलं की एफ/१६ सारखं वागतं. म्हणून तिथे एफ/११ च्या पुढे जाऊ नका, डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्याने) सगळंच मऊ दिसेल. रेनॉक्सवर मात्र एफ/१६ हे एफ/१६ च. म्हणजे ट्यूबवर एफ/८ आणि रेनॉक्सवर एफ/१६ ला १:१ वर फोकसची खोली (पुढेमागे जेवढं धारदार येतं तेवढी) सारखीच: क्रॉप सेन्सरवर साधारण ०.६ मिमी. मुंगीचा डोळा धारदार आला तर पोट धूसर असणारच. दोन्ही हवे असतील तर ती बाजूने, सेन्सरला समांतर असतानाच टिपा.

मुंगीमागे
धन्यवाद, रेनॉक्स ठरलं. पण एफ/१६ ला शटर १/३० वर येतोय, आयएस असूनही फोटो हलतो. म्हणजे ट्रायपॉड?

दुधाळ_डबा
नाही, फ्लॅश. आयएस कॅमेऱ्याचं वर-खाली, डावी-उजवीकडे कलणं सावरतं. इथे तुम्ही पुढेमागे डुलताय आणि खोली अर्ध्या मिलिमीटरची. शिवाय मुंगी काही ट्रायपॉडवर नसते.

मोड एम, शटर १/२००, आयएसओ २००, एफ/११ ते १६, फ्लॅश मॅन्युअलवर १/८ पासून. आधी फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. म्हणजे चित्र फक्त फ्लॅशच्या उजेडावर उमटतंय, आणि तो उजेड शटरपेक्षा कितीतरी कमी वेळ टिकतो. हलणं तिथेच गोठतं.

डिफ्युझर लागेलच. नुसत्या फ्लॅशने मुंगीच्या पाठीवर पांढरा जळका ठिपका येतो, कारण चकचकीत पाठ आरशासारखी दिव्याचा आकारच दाखवते. दिवा मोठा आणि जवळ हवा. काचेच्या सामानाभोवती गुंडाळून येते ती पांढरी पातळ फोमची शीट घ्या. ए४ एवढा तुकडा कापा, मध्ये लेन्सच्या जाडीचं भोक, आणि लेन्सच्या पुढच्या टोकावर रबर बँडने बसवा. वरची कड पुढे, मुंगीवर छपरासारखी झुकवा. कॅमेऱ्याचा पॉप-अप फ्लॅशही चालेल: एरवी लांब लेन्सची सावली मुंगीवर पडते, शीट असली की उजेड त्या शीटवरून येतो. मात्र शीट बराच उजेड खाते, पॉप-अप १/२ किंवा पूर्ण ताकदीवर न्यावा लागेल आणि दर फोटोनंतर थांबावं लागेल.

एलईडी रिंग लाइटच्या नादी लागू नका. एफ/१६ ला तो उजेड पुरत नाही, शेवटी आयएसओ वाढवावाच लागतो.

पुढे वेगळा फ्लॅश घ्यायचा झाला तर आधी हॉट शू (कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची जागा) बघा. कॅननच्या २००डी मार्क २ सारख्या काही बॉडींवर मधला गोल संपर्कच नाही. तिथे फक्त मधल्या पिनवर चालणारे साधे मॅन्युअल फ्लॅश पेटत नाहीत.