झडप दाब ओळखते, पाणी मोजत नाही
शंट म्हणजे मेंदूत साठलेलं जास्तीचं पाणी पोटात नेणारी, त्वचेखाली बसवलेली झडपेची नळी. कुणी कुणी म्हणतं की शंट रोज ठरावीक पाणी काढून टाकतो. तसं नाही हो. मेंदूत दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रव तयार होतो, पण झडपेला त्याचा हिशेब कळत नाही. तिला कळतो फक्त दोन बाजूंच्या दाबातला फरक. बऱ्याच झडपांत माणकाची इवलीशी गोळी स्प्रिंगने भोकावर दाबून धरलेली असते. डोक्यातला दाब स्प्रिंगला भारी पडला की गोळी उचलली जाते, पाणी पोटाकडे वाहतं. दाब उतरला की भोक बंद.

खरी पंचाईत उभं राहिल्यावर. नळीचं दुसरं टोक पोटात, म्हणजे झडपेच्या हातभर खाली. पिंपातून नळीने रॉकेल ओढायचो ना, तसंच होतं आणि पाणी जास्त उपसलं जातं. माझ्या सासऱ्यांना शंट बसवलाय; त्यांचं डोकं सुरुवातीला उठून बसलं की ठणकायचं, आडवं झालं की थांबायचं, ते यामुळेच. डॉक्टरांनी कानामागे त्वचेवर चुंबकाचं यंत्र ठेवून स्प्रिंग थोडी कडक केली. टाका नाही, भूल नाही.

तेव्हापासून चुंबकवालं मोबाइल कव्हर त्या कानापासून लांब. आणि अशी चुंबकाने बदलणारी झडप असेल तर एमआरआयनंतर सेटिंग तपासून घ्याच.