ट्युरिंगच्या फलकावरचे शब्द

स्मारकावर माणसाचं कार्य लिहावं, तो समलिंगी होता हे कशाला सांगायचं, हे काहींचं मत मला अजिबात पटत नाही.

मँचेस्टरच्या सॅकव्हिल गार्डन्समधला अ‍ॅलन ट्युरिंगचा पुतळा बघा. उंच चौथरा नाही. हातात सफरचंद घेऊन तो साध्या बाकावर बसलाय, शेजारी कुणीही जाऊन बसावं इतकी जागा आहे. एकीकडे विद्यापीठाच्या इमारती, दुसरीकडे समलिंगी लोकांचा गजबजलेला कॅनाल स्ट्रीट. ही जागा ज्यांनी निवडली त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं! पायाशी फलक आहे: संगणकशास्त्राचा जनक, गणितज्ञ, तर्कशास्त्रज्ञ, युद्धकाळात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारा, आणि त्याच यादीत 'पूर्वग्रहाचा बळी'.

हे शेवटचे दोन शब्द गाळा, म्हणजे समलिंगी संबंधांवरून त्याच्यावर चाललेला १९५२ चा खटला, तुरुंग टाळण्यासाठी पत्करावी लागलेली हार्मोनची इंजेक्शनं, गुप्त सरकारी कामाची काढून घेतलेली परवानगी, सगळं पुसलं जातं. १९५४ मध्ये तो गेला तेव्हा जेमतेम ४१ वर्षांचा होता. ज्याला आपण खाजगी म्हणतोय त्यात सरकारनेच हात घातला होता ना?

आणि 'सरकारने मान्यता दिल्यावरच स्मारकं होतात' असंही काहीजण म्हणतात, तेही इथे लागू पडत नाही. हा पुतळा २००१ चा. ब्रिटिश पंतप्रधानांनी जाहीर माफी मागितली २००९ मध्ये, राणीचं क्षमादान आलं २०१३ मध्ये, आणि ५० पौंडांच्या नोटेवर तो झळकला २०२१ मध्ये.